वेल ३० वर्षांची, करार एका हंगामाचा

द्राक्षं विकत घेऊन वाइन बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक, खरेदी अधिकारी आणि वाइनमेकर यांस,

सप्रेम नमस्कार.

तोडणी आटोपली, मजुरांचा हिशोब पूर्ण झाला आणि त्याच आठवड्यात तुमच्यापैकी एका कंपनीकडून दोन कागद आले. पहिला कागद म्हणजे शाश्वत द्राक्षशेतीची प्रश्नावली, ४० पानांची. माती कधी तपासली, कोणतं औषध कोणत्या तारखेला किती मिलिलिटर फवारलं, ठिबकमधून किती पाणी दिलं, ओळींमध्ये गवत ठेवता का, मजुरांना सावली आणि पिण्याचं पाणी मिळतं का. दुसरा कागद पुढच्या वर्षीच्या खरेदीचा करार. तो दोन पानांचा, आणि त्याची मुदत एका हंगामाची.

प्रश्नावली मी दोन रात्री बसून भरली. त्यातले बहुतेक प्रश्न मला पटले. काही प्रश्नांनी तर मला माझीच चूक दाखवली: पाण्याची नोंद मी तासांत ठेवत होते, लिटरमध्ये नाही. ती आता सुधारली आहे. पण शेवटच्या पानावर सही करताना लक्षात आलं, की ४० पानांत वाइनरीबद्दल एकही प्रश्न नाही. बागेच्या फाटकापाशी शाश्वतता सुरू होते आणि तुमच्या वजनकाट्यापाशी संपते, असं त्या कागदाचं म्हणणं दिसतं.

आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेनं २००४ साली शाश्वत द्राक्षशेतीची व्याख्या केली, तेव्हा द्राक्षाचं उत्पादन आणि त्यावरची प्रक्रिया या दोन्हींचा एकत्र विचार केला होता. पर्यावरण आणि ग्राहकाचं आरोग्य यांच्याबरोबर त्या त्या भागाचं आर्थिक टिकणंही त्या व्याख्येत आहे. म्हणजे बाग टिकली आणि बागायतदार बुडाला, तर त्याला शाश्वत म्हणता येणार नाही, हे तिथे २० वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. माझं म्हणणं तेवढ्यापुरतंच आहे. तुम्ही आमच्याकडून ३० वर्षांचं काम मागता आणि हमी देता एका वर्षाची. हा हिशोब जुळत नाही, आणि तो जुळवल्याशिवाय तुमच्या ४० पानांतलं फारसं काही जमिनीवर उतरणार नाही.

बाग लावणं म्हणजे काय, हे तुमच्यातल्या वाइनमेकरना माहीत आहे, खरेदी विभागात बसणाऱ्यांना कदाचित नसेल. खुंट, म्हणजे खालची मुळांची वेल, निवडायचा, त्यावर हव्या त्या जातीचं कलम करायचं, खांब उभारायचे, तारा ओढायच्या, ठिबक अंथरायचं. वाइनसाठी उपयोगी पडेल असं पहिलं पीक यायला साधारण ३ वर्षं लागतात. त्यानंतर वेल २५-३० वर्षं सहज चालते, नीट सांभाळली तर आणखीही. खुंटाचा निर्णय मात्र एकदाच घ्यायचा असतो. तो चुकला तर छाटणीनं किंवा खतानं दुरुस्त होत नाही.

अशा एका चुकीचा इतिहास मोठा आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्झेरा नावाच्या मुळांवरच्या किडीनं युरोपातल्या बागा उजाड केल्या. १८६८ मध्ये प्लँशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये ही कीड मुळांवर शोधून काढली, आणि पुढे अमेरिकन जातींच्या खुंटावर युरोपीय वेलीचं कलम करणं हाच उपाय ठरला. हे सगळं ठाऊक असतानाही कॅलिफोर्नियात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर एएक्सआर-१ या खुंटावर हजारो हेक्टर बागा लागल्या. या खुंटाचं अर्धं रक्त युरोपीय वेलीचं होतं, आणि युरोपात तो किडीपुढे टिकला नव्हता, याचा अनुभवही होता. पण तो लावायला सोपा आणि उत्पन्नाला भरघोस. १९८० च्या दशकात किडीनं त्याला गाठलं. नापा आणि सोनोमामध्ये बागाच्या बागा उपटून पुन्हा लावाव्या लागल्या. सुरुवातीच्या भरघोस वर्षांकडे बघून घेतलेल्या निर्णयाची किंमत कित्येक वर्षांनी, एकदम आणि एकरकमी चुकवावी लागली.

एका हंगामाचा करार आम्हाला तशाच निर्णयांकडे ढकलतो. टनावर दर, पुढच्या वर्षीची खात्री नाही, म्हणजे यंदा जास्तीत जास्त माल काढा.

माझ्या बागेचंच सांगते. सहा वर्षांपूर्वी एका तुकड्यात ओळींमधलं गवत काढायचं थांबवलं, ते फक्त कापत राहिले. पहिल्या दोन वर्षांत वेलींनी आणि गवतानं पाण्यासाठी आणि नत्रासाठी झगडा केला, घड लहान राहिले, माल घटला. खरेदी अधिकाऱ्यानं विचारलं, “या वेळी वजन का कमी?” मी कारण सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि आकडा लिहून घेतला. तो तोटा पूर्ण माझा होता. चौथ्या वर्षी एका रात्रीत प्रचंड पाऊस झाला. शेजारच्या माझ्याच उघड्या तुकड्यातून मातीचा लोंढा वाहून ओढ्याला मिळाला, आणि गवताच्या तुकड्यात पाणी जागेवर मुरलं. दोन दिवसांत तिथे ट्रॅक्टर घालता आला, त्यामुळे केवडा या बुरशीसारख्या रोगावरची फवारणी वेळेवर झाली. उघड्या तुकड्यात चिखलामुळे आठवडा गेला आणि मग तीन जादा फवारण्या कराव्या लागल्या. हा फायदा चौथ्या वर्षी दिसला. तुमचा करार तोपर्यंत तीनदा संपून तीनदा नव्यानं झाला होता, आणि तिन्ही वेळा मी गवत नांगरून टाकायच्या विचारात होते.

तुमच्या प्रश्नावलीत “जमिनीवर आच्छादन आहे का” या प्रश्नापुढे मी “हो” लिहिते, तेव्हा त्या एका शब्दामागे एवढं सगळं असतं.

तांब्याची गोष्ट याहून जुनी आणि याहून शिकण्यासारखी आहे. केवडा हा रोग अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचला १८७८ च्या सुमारास. बोर्डोजवळच्या मेडोक भागात वाटसरूंनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत. तेवढ्याच वेलींची पानं टिकली, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेला पडलं, आणि १८८५ मध्ये त्यांनी या मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. तेच आजचं बोर्डो मिश्रण. सेंद्रिय बागांतही ते चालतं. केवड्यावर सेंद्रिय शेतकऱ्याच्या हातात त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. पण तांबं कुजत नाही, उडून जात नाही. ते मातीच्या वरच्या थरात साठत राहतं. पिढ्यान् पिढ्या फवारणी झालेल्या जुन्या बागांची माती तांब्यानं भरली आहे आणि गांडुळांना व मातीतल्या सूक्ष्म जिवांना त्याचा त्रास होतो.

युरोपीय संघानं २०१९ पासून यावर जी मर्यादा घातली, ती तुम्ही लक्षपूर्वक वाचावी अशी माझी विनंती आहे. हेक्टरी २८ किलो, ७ वर्षांत मिळून. वर्षाला सरासरी ४ किलो पडतात, पण हिशोब सात वर्षांचा धरता येतो, कारण एखादं वर्ष ओलं जातं आणि फवारण्या वाढतात, एखादं कोरडं जातं आणि निम्म्यात भागतं. एका वर्षावर बोट ठेवून शेतकऱ्याला पकडण्यात अर्थ नाही, हे कायदा लिहिणाऱ्यांना कळलं. कायद्याला ७ वर्षांचा हिशोब जमतो, तर तुमच्या कराराला का जमू नये?

आता शेजाऱ्यांबद्दल. लीफरोल हा विषाणू वेलीला लागला की त्यावर औषध नाही. काळ्या जातींची पानं लाल होतात, शिरा हिरव्या राहतात, कडा खाली वळतात. पांढऱ्या जातींत लक्षणं इतकी पुसट असतात, की प्रयोगशाळेतल्या तपासणीशिवाय खात्री होत नाही. द्राक्षं उशिरा पिकतात, साखर कमी भरते, रंग फिका राहतो. रोगट काडीतून तो पसरतो आणि पिठ्या ढेकूण त्याला वेलीवरून वेलीवर नेतो. वेल उपटली तरी जमिनीत राहिलेली मुळं काही वर्षं जिवंत राहतात आणि त्यांच्यावर हा ढेकूणही जगतो. त्यामुळे नुसतं उपटून भागत नाही, मुळंही काढावी लागतात आणि जमीन काही काळ मोकळी ठेवावी लागते.

समजा मी हे सगळं केलं, स्वच्छ प्रमाणित कलमं आणून लावली. बांधापलीकडच्या बागेत विषाणू तसाच असेल तर काही वर्षांत माझी नवी बागही तिथेच येते. बांधापलीकडचा शेतकरी वाईट नाही. त्याची बाग अजून कर्जात आहे, उपटली तर ३ वर्षं उत्पन्न नाही, आणि तिसऱ्या वर्षी त्याची द्राक्षं कोणी घेईल याची खात्री कोणाकडून नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही उपटली नसती. नर पतंगांना गोंधळात टाकणाऱ्या कामगंधाच्या दोऱ्यांचंही असंच. घड पोखरणाऱ्या अळीवर कीटकनाशकाशिवायचा हा उत्तम उपाय आहे, पण तो सलग मोठ्या क्षेत्रावर लावला तरच चालतो. एकट्या छोट्या बागेत लावला तर बाहेरच मीलन झालेल्या माद्या उडत येतात आणि अंडी घालून जातात.

म्हणजे शाश्वतता हे एकट्या शेतकऱ्याच्या प्रश्नावलीत मावणारं काम नाही. ते शिवाराचं काम आहे. तुम्ही मात्र आमच्याशी एकेकट्यानं बोलता, दर एकमेकांपासून लपवून ठेवायला सांगता, आणि मग “परिसरातील जैवविविधता” या मथळ्याखाली आमच्याकडून सहकार्याची अपेक्षा करता.

वेगळं होऊ शकतं, याची उदाहरणं आहेत. कॅलिफोर्नियातल्या लोडाय भागातल्या बागायतदारांनी १९९१ मध्ये स्वतःवर वर्गणी बसवून आपला आयोग उभा केला. कीड व्यवस्थापनाच्या बैठका घेत घेत २००० साली त्यांनी स्वतःच्या कामाचं मोजमाप करायची कार्यपुस्तिका काढली, आणि २००५ पासून त्यांचे नियम त्रयस्थ तपासणीसह प्रमाणपत्रासाठी लागू झाले. क्रम पाहा: आधी शेतकरी एकत्र आले, मग मोजायला शिकले, आणि प्रमाणपत्र सगळ्यात शेवटी. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यात काही बागांपासून सुरुवात झाली, आणि आज तिथल्या द्राक्षक्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्र एकाच राष्ट्रीय योजनेखाली प्रमाणित आहे. एकच योजना, एकच अर्ज. आमच्याकडे तीन खरेदीदारांचे तीन अर्ज येतात, तीच माहिती तीन नमुन्यांत भरायची असते आणि तपासणीचा खर्च प्रत्येक वेळी शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

फ्रान्समधल्या शॅम्पेन भागाचा इतिहास तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असेल. १९१० चं पीक रोगांनी आणि पावसानं गेलं होतं, आणि काही व्यापारी पेढ्या बाहेरच्या भागातून स्वस्त माल आणून त्यावर शॅम्पेनचं नाव लावत होत्या. जानेवारी १९११ मध्ये आणि पुन्हा एप्रिलमध्ये बागायतदार रस्त्यावर उतरले. आय गावात पेढ्यांची तळघरं फोडली, जाळपोळ झाली, सैन्य आलं. ३० वर्षांनी, १९४१ साली, महायुद्धाच्या काळात तिथे एक समिती स्थापन झाली. त्यात बागायतदार आणि पेढ्या बरोबरीनं बसतात, दोन्ही बाजूंचा एकेक अध्यक्ष असतो, आणि हेक्टरी किती माल काढायचा व राखीव साठा किती ठेवायचा हे दरवर्षी मिळून ठरतं. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. २०२३ च्या तोडणीत तिथे कडक उन्हाच्या दिवसांत मजुरांचे मृत्यू झाले, आणि ती गोष्ट द्राक्षाच्या धंद्यातल्या प्रत्येकाला, मलाही, झोपू न देणारी आहे. पण तिथे भांडायला आणि ठरवायला एक टेबल आहे. आमच्याकडे तुमचा ईमेल पत्ता आहे.

तुमच्या बाजूच्या कामाबद्दल आता बोलते. आमच्याकडून मिलिलिटरचा हिशोब घेता, तर बाटलीच्या ग्रामचा हिशोब आम्हाला द्या. कॅलिफोर्नियाच्या वाइनचा कार्बन हिशोब २०११ मध्ये मांडला गेला, त्यात एकट्या काचेच्या बाटलीचा वाटा २९ टक्के निघाला. बागेतल्या डिझेलबद्दल माझ्या प्रश्नावलीत पाच प्रश्न होते. शॅम्पेनवाल्यांनी २०१० मध्ये आपली बाटली ९०० ग्रामवरून ८३५ ग्रामवर आणली, आणि तिच्या आत बाहेरच्या हवेच्या साधारण ६ पट दाब असतो. साध्या, न फसफसणाऱ्या वाइनला असा दाब नसतो, तरीही दुकानात तिच्या काही बाटल्या उचलल्या की हाताला शॅम्पेनहून जड लागतात. ते वजन वाइनच्या काहीच कामाचं नसतं. ग्राहकाला बाटली भारी वाटावी, एवढंच. २०२३ मध्ये काही मोठ्या किरकोळ विक्रेत्यांनी एकत्र येऊन साध्या वाइनच्या बाटलीचं सरासरी वजन ५५० ग्रामच्या आसपासहून २०२६ अखेर ४२० ग्रामवर आणायचं ठरवलं. त्यासाठी ना पाऊस लागतो, ना तीन वर्षं थांबायला. काच कारखान्याला दिलेली एक ऑर्डर बदलावी लागते.

पाण्याबद्दल: एक लिटर वाइनमागे टाक्या, नळ्या आणि फरशी धुण्यात कित्येक लिटर पाणी जातं, आणि ते साखर व आम्लं घेऊन बाहेर पडतं. तुमचा आकडा किती, आणि ते पाणी कुठे जातं? चोथ्याबद्दल: द्राक्षाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा साल, बिया आणि देठ म्हणून मागे उरतो. आमच्या जमिनीतला पालाश (पोटॅश) त्यात असतो. नीट कुजवून तो परत द्या, आम्ही ट्रॅक्टर घेऊन येतो.

आणि फाटकापाशी काय होतं तेही लिहिते, कारण ते लहान दिसतं पण लहान नाही. दोन हंगामांपूर्वी एका वाइनरीच्या सांगण्यावरून आम्ही तोडणी रात्री सुरू केली. कपाळाला दिवे बांधून पहाटेपर्यंत माणसं राबली. हेतू चांगला होता: थंड द्राक्षं आली की रस थंड करायला वीज कमी लागते आणि वासही टिकतो. सूर्योदयाला आमची गाडी दारात होती. आत घेतली दुपारी एक वाजता. उन्हात क्रेट तापले, खालच्या थरातून रस गळायला लागला, आणि तापमान जास्त म्हणून दर कापला गेला. रात्रभराचं ते सगळं काम, आमचं आणि तुमच्या विजेचं, सात तासांच्या रांगेत गेलं. प्रश्नावलीत “रात्रीची तोडणी करता का” हा प्रश्न होता. “गाडी दारात किती वेळ उभी राहते” हा नव्हता.

साखरेच्या दराबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण हवामान बदलतंय आणि तुमचा दराचा तक्ता जुन्याच हवामानाचा आहे. फ्रान्समधल्या बोन गावच्या तोडणीच्या तारखा १३५४ पासून नोंदवलेल्या आहेत. १९८७ पर्यंतच्या शतकांत तिथली तोडणी सरासरी २८ सप्टेंबरपासून सुरू होत असे. १९८८ नंतर ती सरासरी १३ दिवस अलीकडे आली आहे. उष्णता वाढली की साखर झपाट्यानं चढते, आंबटपणा उतरतो, आणि बियांचा व सालीचा पक्वपणा मागे राहतो. अशा काळात जास्त ब्रिक्सला, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापाला, जास्त दर देणं म्हणजे काय? आम्ही घड आणखी दोन आठवडे वेलीवर ठेवतो, ते सुकू नयेत म्हणून पाणी देतो, पावसाचा आणि कुजीचा धोका पत्करतो. रसात लिटरला साधारण १७ ग्राम साखर वाढली की वाइनमध्ये १ टक्का अल्कोहोल वाढतं. मग तुमच्याकडे आम्ल घालावं लागतं, कुठे कुठे अल्कोहोल उतरवायची यंत्रं चालतात. आधी जादा साखरेला पैसे, मग ती निस्तरायला पैसे, आणि मधल्या दोन आठवड्यांचं पाणी जमिनीतून उपसलेलं. दर आम्ल, सामू (पीएच), घडाची निरोगी स्थिती आणि चव यांवर ठरवा. त्यासाठी वाइनमेकरला बागेत यावं लागेल, द्राक्ष तोंडात टाकून बी चावून पाहावी लागेल. आमच्या बागेत तुमचं स्वागतच आहे.

या पत्रातला सगळ्यात मोठा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला. फवारणी खरोखर कमी करायची असेल, तर सगळ्यात मोठी किल्ली तुमच्या हातात आहे. केवडा आणि भुरी (पानाघडांवर पांढरी भुकटी धरणारा बुरशीचा रोग) यांना प्रतिकार करणाऱ्या नव्या जाती आज उपलब्ध आहेत. जर्मनीत १९६७ च्या संकरातून आलेली रीजंट काही दशकं लागवडीत आहे. फ्रान्सच्या कृषी संशोधन संस्थेच्या आर्ताबान, विदोक, फ्लोरेआल आणि व्होल्टिस या जातींची २०१८ मध्ये नोंद झाली. या चार जातींत दोन्ही रोगांविरुद्ध एकाहून जास्त जनुकं मुद्दाम एकत्र आणली आहेत, म्हणजे रोगानं एक अडसर ओलांडला तरी दुसरा उभा असतो. बुरशीनाशकाच्या फवारण्या त्यांच्यावर अगदी थोड्या लागतात. अशा संकरित जातींना युरोपीय संघानं २०२१ मध्ये संरक्षित नावाच्या, म्हणजे ठरावीक प्रदेशाचं नाव लावायचा हक्क असलेल्या, वाइनसाठीही वाट मोकळी केली, आणि शॅम्पेननं २०२२ मध्ये व्होल्टिस प्रयोग म्हणून स्वीकारली.

मग आम्ही त्या का लावत नाही? कारण मी गेली दोन वर्षं प्रत्येक खरेदीदाराला विचारते आहे, आणि उत्तर एकच मिळतं: “हे नाव ग्राहकाला माहीत नाही.” शार्दोने आणि काबर्ने ही नावंही कधीतरी ग्राहकाला नवीनच होती. कोणीतरी ती लेबलवर छापली, ग्लासात ओतून समजावली. ते काम शेतकरी करू शकत नाही. मी जात लावू शकते, तिची छाटणी शिकू शकते, पहिल्या पिकातल्या चुका सोसू शकते. पण जिची वाइन कोणी बनवणार नाही अशी वेल मी ३० वर्षांसाठी जमिनीत रोवू शकत नाही. लहान टाक्यांत करून पाहा, दुसऱ्या जातीत मिसळून पाहा, आणि पटली तर लागवडीआधी १० वर्षांच्या खरेदीचं लेखी द्या. एका हेक्टरपासून सुरू करू.

आमच्या बाजूचे दोष लपवून हे पत्र मी पाठवणार नाही. आमच्यातले पुष्कळ जण आजही रोग आहे की नाही हे न पाहता तारखेवर फवारतात. भीती हे त्याचं कारण आहे. एकदा केवडा घडावर गेला की वर्ष गेलं, ही भीती मी स्वतः अनुभवली आहे. पण पान उलटून न पाहता ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, सुरू करण्याची सवय आमची आहे आणि ती आम्हीच मोडायला हवी. फवारणाऱ्या माणसाला मास्क आणि हातमोजे देऊनही तो घालतो की नाही हे पाहायला आम्ही थांबत नाही. छाटणीच्या जखमांतून खोडाचे रोग शिरतात हे माहीत असून घाईत मोठमोठे काप देतो. हे तुमच्यामुळे होत नाही. याची जबाबदारी आमची.

आता आम्ही मागतो ते सरळ लिहिते. करार किमान ५ वर्षांचा असावा आणि दरवर्षी एक वर्ष पुढे सरकावा, म्हणजे आमच्या हातात नेहमी पाच वर्षं शिल्लक राहतील. दराचा काही भाग हेक्टरवर ठरावा, कमाल उत्पन्नाची मर्यादा मिळून ठरवून, म्हणजे गवत ठेवलं, पाण्याचा ताण दिला, घड विरळले तरी शेतकरी शिक्षा भोगणार नाही. रोगट बाग उपटणाऱ्याला नव्या बागेच्या पहिल्या पिकाची खरेदी आधी लिहून मिळावी; ते मिळालं तर माझा बांधापलीकडचा शेजारी उद्या उपटायला तयार आहे, मी त्याला विचारलं आहे. सर्व खरेदीदारांचा अर्ज एक असावा आणि तपासणीचा खर्च निम्मा-निम्मा. आणि त्याच अर्जात दुसरा भाग असावा, वाइनरीनं भरायचा: बाटलीचं वजन, एक लिटर वाइनमागे पाणी, वीज, चोथ्याचं काय केलं, गाड्या दारात सरासरी किती वेळ उभ्या राहिल्या. आमची उत्तरं तुम्ही वाचता, तुमची आम्हाला वाचू द्या.

यात तुमचा तोटा कुठे आहे हेही मला कळतं. वाइन विकली गेली नाही तर पाच वर्षांचा करार तुमच्या गळ्यात राहतो, आणि वाइनचा खप कित्येक देशांत घटतो आहे. म्हणून मी सगळा धोका तुमच्यावर टाका असं म्हणत नाही. बाजार पडला तर दर किती खाली येईल, माल किती कमी घ्याल, याची कलमं करारात आधीच लिहू. वाईट वर्षी काय करायचं हे चांगल्या वर्षी ठरवलेलं बरं. आज तो धोका तुम्ही एका सहीनं आमच्याकडे सरकवता, आणि आम्ही तो मातीकडे सरकवतो.

पुढची छाटणी व्हायला अजून काही महिने आहेत. त्याआधी एक दिवस काढा. खरेदी अधिकारी, वाइनमेकर आणि ज्यांच्या सहीनं करार होतो ते, सगळेच या. आम्ही १४ शेतकरी एका मांडवाखाली बसायला तयार आहोत. मी माझ्या सात वर्षांच्या फवारणीच्या वह्या आणि दोन्ही तुकड्यांचे माती परीक्षणाचे कागद आणते. तुम्ही तुमची सगळ्यात जास्त खपणारी वाइन आणा, रिकाम्या बाटलीसह. तराजू आमच्याकडे आहे.

आपली,
तुम्हाला द्राक्षं देणारी एक बागायतदार